मंगल बंडगरचा सांगावा

मंगल बंडगर माझ्याशी पहिलं वाक्य बोलली ते असं : "काकू, कलप कपाळावर उतरलाय. पुसा, न्हाईतर गिऱ्हाइकाला वाटंल गळती आतच हाय."

नोकरीचा पहिला दिवस होता माझा. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतली पत्र्याची शेड, आत काचेची एक थंडगार खोली, त्या खोलीत फिसफिसणारे सर्व्हर, आणि दाराकडं पाठ करून बसलेली ही. वय तिशीच्या पुढचं. उंच, वाळलेली, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि तेही आतल्या बाजूला. मान न वळवता बोलली. माझं कपाळ तिला कसं दिसलं हे मला पुढं कळलं : समोरच्या काळ्या स्क्रीनवर मागच्या माणसाचं प्रतिबिंब पडतं, त्यातून ती सगळ्यांना बघायची.

मी तेव्हा साताऱ्याच्या टेलिफोन ऑफिसातून मुदतीआधी निवृत्ती घेऊन सांगलीला लेकीजवळ राहायला आले होते. नातवंडांचे कपडे शिवायचे सोडून नोकरी शोधली. का, तर म्हणे माझा आवाज वाया चाललाय. विशीत साताऱ्याला ट्रंककॉल जोडून देताना त्या दोन वेण्यांच्या पोरीला वाटायचं, अख्खा जिल्हा आपल्यामुळं बोलतो. पन्नाशी उलटली तरी ती पोरगी गेली नव्हती, नुसत्या वेण्या गेल्या होत्या. गॉगल लावून, पर्स खांद्याला मारून मी बसमधून कुपवाडला उतरायची, तेव्हा चहाच्या गाड्यावरची माणसं बघायची. मला वाटायचं कौतुकानं बघतात.

आमची कंपनी काय करायची हे मला कळायला फार दिवस लागले. तुम्हाला मात्र थोडक्यात सांगते. विट्याकडची माणसं सोनं गाळायची दुकानं घेऊन देशभर पसरलेली. कुणाचं दुकान कोइमतूरला, कुणाचं गुवाहाटीला. एकाच घरातली ही दुकानं जणू एका बोळात शेजारीशेजारी आहेत असं त्यांना वाटावं, आपसातलं सगळं दिसावं, परक्याला काही दिसू नये, असं जाळं आमचे मालक आण्णा लावून द्यायचे. खरी वायर सगळ्यांत मिळून एकच. तिच्या पोटात प्रत्येकाचं वेगळं जाळं, नुसत्या सॉफ्टवेअरनं उभं केलेलं. ते सॉफ्टवेअरही विकतचं नाही. जगभरातली माणसं मिळून ते लिहितात आणि उघड्यावर ठेवतात. कुणीही घ्यावं, कुणीही आत डोकवावं, कुणीही सुधारून द्यावं. आण्णांना त्यातलं 'कुणीही घ्यावं' तेवढंच आवडायचं.

अशा जाळ्याची अडचण अशी की ते मेलं तर दिसत नाही. टेलिफोनचा खांब पडला तर रस्त्यावरच्या म्हशीलाही कळतं. इथं सगळं हवेतलं. म्हणून सर्व्हर एकमेकांना सारखे विचारत बसतात, 'आहेस का?' दुसऱ्यानं म्हणायचं, 'आहे.' उत्तर आलं नाही की विचारणारा बोंब मारतो. ती बोंब कुणापाशी मारायची, आधी कुणापाशी, नंतर कुणापाशी, हे ठरवायचं काम मंगलचं. आणि मग फोन उचलून गिऱ्हाइकाला ते गोड आवाजात सांगायचं काम माझं.

पहिलाच फोन मी विट्याच्या एका शेठना केला. म्हटलं, "नमस्कार, आपल्या जाळ्याची प्रकृती जरा नरम आहे, पण काळजीचं कारण नाही." मंगलनं उठून माझ्या हातातला फोन घेतला. "शेठ, मेलंय. उठलं की सांगते," म्हणाली आणि ठेवला. मग माझ्याकडं वळली.

"काकू, तुमचा आवाज लय गोड हाय. त्यामुळं तुमी काय म्हंता ते कुणाला कळतच न्हाई. आन् मुळात शेठला फोन कशाला? त्यो काय करणार हाय? बोंबलणार. बोंबलून जाळं उठतंय व्हय?"

हे तिचं तत्त्वज्ञान. ज्याच्या हातात काही नाही, त्याला काही सांगायचं नाही. आणि सांगायची वेळ आलीच, तर नागडं सांगायचं.

ती जतच्याही पलीकडच्या गावची. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. आण्णांना याचं फार अप्रूप. बाहेरचे पाहुणे आले की तिला पुढं करून म्हणायचे, "आमच्या मंगलचं बघा, बाप मेंढपाळ. एक मेंढरू हरवलं तरी कळतंय त्यांना. तीच नजर हिच्यात उतरलीय." एकदा तिनं पाहुण्यांसमोर सांगून टाकलं, "आण्णा, माझा बाप रोज एक मेंढरू हरवून यायचा आणि आय त्याला रोज शिव्या घालायची. नजर-बिजर काय न्हाई. मी पुस्तकं वाचून शिकलेय." पाहुणे हसले. आण्णांच्या तोंडातला पेढा तसाच राहिला.

तिला कुणी "जेवलीस का?" विचारलेलं खपायचं नाही. "माझ्या पोटात काय चाललंय त्याचा तुमाला अलार्म येतो का?" ती उभ्यानंच जेवायची, भाकरी आणि मिरचीचा खर्डा, खिडकीशी, बाहेर बघत. नवऱ्याचं एकदा मी विचारलं. टेलिफोन ऑफिसातली सवय, लोकांच्या घरातलं विचारल्याशिवाय माझा दिवस जायचा नाही. ती म्हणाली, "हाय की नवरा. बंद पडलाय." एवढंच. पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही. घरी येऊन मात्र मी आमच्या ह्यांना ते वाक्य सांगितलं. ते आठवडाभर माझ्याकडं संशयानं बघत होते.

खंडेनवमीची गोष्ट सांगितल्याशिवाय तिचं चित्र पुरं व्हायचं नाही. त्या दिवशी शेडमधल्या सगळ्या यंत्रांची पूजा. लेथवाला लेथ पुजतो, आण्णांनी सर्व्हर पुजले. मंगल रजेवर होती. आम्ही झेंडूच्या माळा घातल्या, हळदीकुंकू वाहिलं, आणि त्यात मी हौसेनं पुढं. आण्णांनी हळद मोठ्या मनानं उधळली. सर्व्हरला पुढून वारा ओढून घ्यायची जाळी असते. त्यानं हळद ओढली, झेंडूच्या पाकळ्या ओढल्या, थोडा वेळ खोकला आणि गप्प झाला. मंगल घरून धावत आली. सर्व्हर उघडून साफ केला, गिऱ्हाइकांची सगळी जाळी दुसऱ्या यंत्रावर हलवली आणि मग गिऱ्हाइकांना जायचा तो संदेश लिहिला. अलार्मच्या संदेशात 'कारण' नावाची एक ओळ असते. तिथं तिनं लिहिलं : 'हळद. वाहणारे : मालक स्वतः.' देशभरातल्या सगळ्या दुकानांत ते गेलं. दिवाळीत विट्याला आलेली माणसं आण्णांच्या हातात हळदीची पुडी देऊन जायची.

हे आण्णांनी गिळलं, कारण ती गेली असती तर कंपनी बंद करावी लागली असती. सचिनला मात्र गिळता आलं नाही.

सचिन तिच्या हाताखाली होता. वाळव्याकडचा, घरचा ऊस, चुलते सुभेदार. पोरगा देखणा, कामात जरा उडता. विट्याच्या त्याच शेठच्या पुतणीशी त्याचं लग्न ठरत आलेलं. बघणं झालं होतं, सुपारी फुटायची राहिली होती. एक दिवस सचिननं चुकीची वायर उपसली आणि शेठची सगळी दुकानं एकदम अंधारात गेली. मंगलनं कारणाच्या ओळीत लिहिलं : 'सचिन. वायर उपसताना लक्ष मोबाईलमधल्या फोटोकडं.' फोटो त्या पुतणीचाच, हे गुवाहाटीपासून कोइमतूरपर्यंत सगळ्या दुकानांतल्या सोयऱ्यांनी ओळखलं. शेठनी आण्णांना फोन करून फक्त एवढं विचारलं, "ह्योच का त्यो?" सुपारी फुटली नाही.

सचिन तिच्यापुढं जाऊन उभा राहिला. डोळे लाल. "मॅडम, माझं नाव घालायची काय गरज होती?"

"कारणाच्या जागी कारणच लिवायचं असतंय रं. तू कारण न्हवतास का?"

"माझं लग्न मोडलं."

"मग बरं झालं. पोरगी वाचली."

त्या क्षणी मला वाटलं, हा तिला मारणार. त्यानं मारलं नाही. बाहेर जाऊन गाडीची किक मारत राहिला, किल्ली न लावताच. मी त्याला चहा घेऊन गेले, तर मलाच म्हणाला, "काकू, ही बाई मेली तर मी पेढे वाटीन." मी म्हटलं, "असं बोलू नये," आणि मनात म्हटलं, मला दोन ठेव.

आता मुख्य गोष्ट. या मंगलला जगाकडून एकच गोष्ट हवी होती. त्या उघड्यावरच्या सॉफ्टवेअरमध्ये आपण लिहिलेलं काहीतरी कायमचं घेतलं जावं. पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीनं तिला सांगून ठेवलं होतं, तुझं काम मुख्य सॉफ्टवेअरमध्ये आलं की इकडं ये, जागा ठेवतो. तेवढं झालं की ही शेड, आण्णांची हळद, माझा गोड आवाज, सगळं सुटणार होतं. असा बदल लिहून पाठवायचा, तिकडचे जाणकार तो वाचणार, शंभर प्रश्न विचारणार, पटला तर घेणार. बंडगर हे आडनाव त्यात लागावं म्हणून ही बाई वर्षभर राबत होती. आम्हाला ती कधी हे बोलली नाही, पण सकाळी आल्याआल्या पत्र आलं का बघताना तिच्या पाठीवरून कळायचं.

तिनं काय लिहिलं होतं? तर सांगावा. आमच्याकडं माणूस गेलं की गावोगाव सांगावा धाडतात. सांगावा नेणारा भावकीतल्या एकाच घरी सांगतो, ते घर पुढं बाकीच्यांना सांगतं. आणि ज्या लेकीचा बाप गेला तिला सगळ्यात शेवटी. तिला कुणी 'गेले' म्हणत नाही. 'जरा बरं नाही, चल' म्हणून गाडीत बसवतात. ती दारात पोचते तोवर सगळी तयारी झालेली असते, तिनं फक्त रडायचं असतं. मंगलनं हेच यंत्राला शिकवलं. एक सर्व्हर मेला की त्याच्या पोटातली शंभर जाळी मरतात आणि शंभर अलार्म एकदम ओरडायला लागतात. खरं मढं कुठलं ते कळतच नाही. तिचा नियम सांगायचा : एकच संदेश जाईल, मेलेल्या सर्व्हरच्या नावाचा. आधी जाईल त्याचा भार उचलू शकणाऱ्या शेजारच्या सर्व्हरला, मग दुरुस्ती करणाऱ्याला, आणि ज्याचं जाळं पडलं त्या मालकाला सगळ्यात शेवटी. जमलं तर दुरुस्ती झाल्यावरच.

जाणकारांना पहिला भाग फार आवडला. एकच संदेश पाठवायच्या कल्पनेवर त्यांनी स्तुतीची पत्रं लिहिली. पण शेवटच्या मुद्द्यावर अडले. त्यांच्यात यान नावाचा कुणी थंड देशातला सभ्य गृहस्थ होता. तो पुन:पुन्हा विचारायचा : ज्याचं नुकसान झालंय, त्यालाच तुम्ही शेवटी का सांगता? मंगल चिडून टेबलावर पेनाचं टोपण आपटायची. "ह्येंच्याकडं माणसं मरत न्हाईत का काय?"

मग ठरलं की स्क्रीनवर समोरासमोर बोलायचं. दिवस ठरला. मंगल त्या दिवशी इस्त्रीचा ड्रेस घालून आली. आम्ही कुणी काही बोललो नाही, कारण बोललो असतो तर त्याच इस्त्रीचा चटका आम्हाला बसला असता. काचेच्या खोलीत ती आणि स्क्रीनवर यान. मोबाईल तिनं बंद करून बाहेर माझ्या टेबलावर ठेवला होता. तिचं इंग्रजी दगड भिरकावल्यासारखं, एकेक शब्द नेमका जाऊन बसणारा. काचेतून अर्धमुर्धं ऐकू यायचं. ज्याच्या हातात करण्यासारखं काही नाही, त्याला आधी सांगून तुम्ही त्याला काय देता, असं ती विचारत होती. तो मान हलवत होता.

आणि तेव्हाच आण्णांच्या मोबाईलवर तिच्या भावाचा, बिरूचा, फोन आला. तिचा लागत नव्हता म्हणून आण्णांना. आबांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, लय सिरियस आहे, मंगलशी बोलायचं म्हणत्यात. आण्णांनी काचेकडं बघितलं. वर्षभराचं काम आत चाललेलं. "झाल्यावर सांगतो," म्हणाले. मला आणि सचिनला जवळ बोलावून हलक्या आवाजात सांगितलं. मी मान डोलावली. अशा वेळी मान डोलवायला मी त्या काळी फार उत्सुक असायची, आपल्याला विश्वासात घेतलं म्हणून. थोड्या वेळानं बिरूचा पुन्हा फोन. गेले.

त्याच सुमाराला काचेच्या खोलीत यान हसला. त्याला पटलं होतं. पुढच्या आवृत्तीत घेऊ म्हणाला, फक्त एकदा शेवटचं 'हो' लिहून पाठव, माझ्याकडून दार उघडं. मंगल बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर असं काही मी आधी पाहिलं नव्हतं. हसू म्हणायला धीर होत नाही.

आण्णा म्हणाले, "मंगल, वडलांना जरा बरं वाटत नाही म्हणं. सचिन माझी गाडी घेऊन सोडतोय. काकू येतील सोबत."

"म्हातारा?" ती म्हणाली. "त्याला दर थंडीत बरं वाटत न्हाई. मरत मातूर न्हाई." आणि पर्स उचलली.

कवठेमहांकाळ सोडेपर्यंत ती बोलत होती. मंगल बोलत होती, हे मला आजही खरं वाटत नाही. पुण्याला कुठल्या भागात खोली बघायची, बापाला एकदा तिकडं नेऊन लिफ्टमध्ये बसवायचं. "लिफ्ट हलली की त्यो खाली बसतोय बघा, मेंढरावानी." मी तिच्या शेजारी हसत होते. माझं हसणं त्या दिवशी टेलिफोन ऑफिसातल्यासारखं झालं होतं, बटण दाबलं की येणारं.

मग तिनं मोबाईल चालू करून बिरूला फोन लावला. उचलला नाही. थोरल्या बहिणीला लावला, व्यस्त. गावातल्या किराणा दुकानदाराला लावला, व्यस्त. शेजारच्या घरी, व्यस्त. बाहेर बाभळी आणि लांब डोंगरावर पवनचक्क्या. सचिननं आरशातून माझ्याकडं बघितलं.

"सच्या," ती म्हणाली, "अख्ख्या गावाचे फोन एका वक्ताला बिझी कवा लागत्यात?"

"रेंज नसेल मॅडम."

"रेंज नसली तर लागत न्हाईत. बिझी लागत न्हाईत." तिनं मोबाईल मांडीवर ठेवला. "एकाच घरातलं गेलंय. म्हातारा गेलाय."

मी म्हटलं, "अगं असं काय बोलतेस, जरा नरम आहेत म्हणे..."

"काकू, गप बसा. सच्या, कवा गेला?"

सचिननं गिअर बदलला.

"मी त्या यानसंगं बोलत हुते तवा?"

"हो."

"आन् तुमा सगळ्यास्नी ठावं हुतं."

"हो."

"म्हंजे सगळ्यात शेवटी मी."

सचिन, समोर रस्त्याकडं बघत, अगदी आदरानं म्हणाला, "मॅडम, तुमचाच नियम आहे."

मला वाटलं, आता ही स्टिअरिंग हिसकावते. मी दाराची मूठ धरली. मंगल एवढंच म्हणाली, "बरोबर लावलास."

गावात पोचलो तेव्हा सगळी तयारी होती. ती रडली नाही, त्यामुळं बायकांची पंचाईत झाली. कुणीतरी मलाच रडायला पुढं ढकललं, आणि मी रडले, न बघितलेल्या माणसासाठी, चांगल्या आवाजात. मंगल बिरूपाशी उभी होती. त्याला तिनं विचारलं, शेवटी काय झालं. त्या बिचाऱ्याला वाटलं, सांगितल्यानं तिला बरं वाटेल. म्हणाला, "तुजंच नाव काढत हुता. मी आण्णास्नी फोन लावला तवा चांगला बोलत हुता. मंगलीला फोन लाव, मला तिला ह्ये सांगायचंय, असं म्हनला. काय ते सांगितलं न्हाई, तुलाच सांगीन म्हनला. मग फोन हातात धरून बसला हुता."

मी तिच्याकडं बघितलं. ज्याच्या हातात काही नसतं त्याला शेवटी सांगायचं. तिच्या हातात काय होतं? फोन कानाला लावून ऐकणं होतं. तिच्या तोंडावर ते उमटलं असेल तर मला दिसलं नाही. मी पुन्हा रडायला लागले होते, कारण एकदा सुरू केल्यावर मध्येच थांबता येत नाही.

दिवस घालून ती कामावर आली. यानचं पत्र वाट बघत होतं, त्याला फक्त 'हो' लिहायचं होतं. आण्णांनी पेढे आणून ठेवले होते, सुतक संपल्यावर देऊ म्हणून. पुण्याहून फोन येऊन गेला होता. तिनं बसून लिहिलं की, तो क्रम मी मागं घेते. ज्याचं पडलंय त्याला आधी, त्याच क्षणाला, बाकी सगळे नंतर. तसं पुन्हा लिहून पाठवते.

यान चक्रावला. तुम्हीच तर आम्हाला पटवलं होतं, म्हणाला. कारण विचारलं. कारणाच्या जागी कारण लिहिणाऱ्या या बाईनं लिहिलं, 'मी चुकीचं सांगत होते.' एवढंच. नव्यानं लिहायचं म्हणजे नव्यानं तपासायचं, तोवर त्यांची ती आवृत्ती पुढं निघून गेली. पुण्याची जागा दुसऱ्या कुणाला गेली. पुढं कधीतरी तसा नियम तिकडं आला म्हणे, पण दुसऱ्याच कुणाच्या नावानं. सचिन एकदा घरी येऊन मला ते मोबाईलवर दाखवत होता, आणि हसत नव्हता.

तुम्हाला वाटलं असेल, ती निवळली असेल. मुळीच नाही. उलट आता ती गिऱ्हाइकाला स्वतः फोन करायची आणि पहिल्यांदा त्यालाच. विट्याचे शेठ त्याच पुतणीच्या लग्नात (मुलगा दुसरा) पंगतीला बसले होते, तिथं फोन : "शेठ, तुमचं कोइमतूर मेलंय. आत्ताच. आमाला अजून कारण ठावं न्हाई." शेठच्या घशात जिलेबी अडकली. आण्णा म्हणाले, निदान जेवण होऊ द्यायचं होतंस. ती म्हणाली, "जेवायचं का न्हाई ते त्येनं ठरवायचं. तुमी कोन?" माझी गोड आवाजाची नोकरी त्या महिन्यात संपली. मला ती म्हणाली, "काकू, तुमचा काय दोष न्हाई. तुमी मुळातच नको हुता." असा निरोपसमारंभ.

त्यानंतर ती भेटली ती कैक वर्षांनी, मागच्या वर्षी, मिरजेला, हॉस्पिटलात. आमचे हे पंधरवडाभर तिथं होते. दुपारची वेळ. मला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलेलं. लेक, जावई, दीर असे सगळे कोपऱ्यात डॉक्टरांशी बोलत उभे, मध्येमध्ये माझ्याकडं बघून हसत. लेक दोनदा येऊन गेली. "आई, चहा घेतेस? बाबा झोपलेत जरा." मला चहा नको होता, तरी मी दोन्ही वेळा होकार दिला. आपली माणसं हसली की आपण हसायचं, ही सवय जात नाही.

इतक्यात जिन्यातून मंगल आली. केस पांढरे, कलप नाही. घड्याळ तसंच आत. कुठून कळलं तिला कोण जाणे, आण्णांकडून असेल. ती आधी त्या कोपऱ्यात गेली, दोन मिनिटं ऐकत उभी राहिली. जावयानं तिचा हात धरून काहीतरी सांगितलं, बोट ओठावर ठेवलं. तिनं हात सोडवला आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. बसली नाही, पाया पडली नाही.

"काकू, काका गेले. आत्ताच. हे सगळे तुमाला सांगायचं का न्हाई त्येचा विचार करत्यात. अजून कुणी हलवलं न्हाई त्येस्नी. आत जायचं असंल तर आत्ता जावा."

मी म्हटलं, "अगं मेले, मला जरा पाणी तरी पिऊ द्यायचंस."

"परत आल्यावर प्या."

लेक धावत आली, "अहो, तुम्हाला कळतं का काही?" म्हणून तिच्यावर ओरडायला लागली. मी उठले. मंगलच्या खांद्याचा आधार घेतला. तिनं तो दिला, पण हात धरला नाही. दारापर्यंत आली, दार ढकलून धरलं, मी आत गेल्यावर सोडलं. ह्यांचा हात अजून कोमट होता. मला जे बोलायचं होतं ते मी बोलले, ते इथं लिहायचं कारण नाही.

बाहेर आले तेव्हा सगळे एकदम रडायला लागले, आता परवानगी मिळाल्यासारखे. मंगल नव्हती. खिडकीतून खाली बघितलं तर पार्किंगमध्ये ती हेल्मेट घालत होती. पट्टा लागत नव्हता, म्हणून त्याला शिव्या देत असावी, ओठ हलत होते. शेजारच्या गाडीवाल्यानं काहीतरी विचारलं, तिनं काहीतरी उत्तर दिलं, आणि तो माणूस तिच्याकडं बघतच राहिला. मग ती कुपवाडच्या दिशेनं निघून गेली.